कोळशाची रेघ

आई खुडूक कोंबडी उबवायला बसवायची तेव्हा प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघ ओढायची. दुसरी एखादी कोंबडी डालग्यात नवं अंडं घालून गेली, तर ते ओळखू यावं म्हणून. पुण्यातल्या प्रयोगशाळेत मीही उबवणीच्या अंड्यांवर रेघ ओढते, पेन्सिलीने. मग कवचाला छोटी खिडकी पाडायची, आतल्या पडद्यावर एक थेंब सोडायचा आणि रक्तवाहिन्या त्याच्या दिशेने वाढतात का ते बघायचं. रक्तपेशींनी आणि रक्तवाहिन्यांनी कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे शरीर प्रथिनांच्या बारीक तुकड्यांकरवी ठरवतं. त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यातल्या एकापासून औषध करण्याच्या मागे मी बारा वर्षं आहे; तो थेंब त्याचाच.

उत्रोलीला घरी हे समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती. "पोरगी लॅबमधी असती" एवढ्यावर भागायचं. मग वडिलांच्या पायाच्या अंगठ्यात काटा रुतला. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेले, त्यामुळे भाताच्या खाचरातून ते दोन दिवस तसेच हिंडले. जखम काही भरेना. दिवसाआड भोरच्या दवाखान्यात पट्टी बदलायला जायचं, असं चाललं होतं.

एका रविवारी आईने विचारलं, "तू नक्की करतीस तरी काय गं तिथं?"

मी डालग्यातलं एक अंडं उचललं, दार लोटून अंधार केला आणि खालून मोबाईलची बॅटरी धरली. आत लाल जाळं स्पष्ट दिसलं.

"आबांच्या जखमेपर्यंत रक्त पोचत न्हाई, म्हणून ती भरत न्हाई. हितं बघ, रक्त नवी वाट काढतंय. असंच त्यांच्या पायात करायचंय."

आई कितीतरी वेळ बघत राहिली. माझ्या कामाकडे तिने असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचा फार आनंद झाला. हे औषध अजून माणसाला देण्यासारखं नाही, एवढं एक वाक्य मी बोलले नाही. खोटं कशाला सांगू, रंगात आलेलं बोलणं मला मोडायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी कापूरहोळला उतरून टेम्पोने घरी पोचले, तर उंबऱ्यातच घाण वास आला. डालग्यात कोंबडी तीनच अंड्यांवर बसलेली.

"बाकीची कुठं गेली?"

"ह्यांच्या पायाला लावली," आई म्हणाली. "रोज एक फोडायचं, त्ये जाळं तेवढं उचलून जखमंवर ठिवायचं. तूच दावलंस की. म्हनून मंग पट्टीला बी गेलो न्हाई."

मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहवत नाही. आई पदराला हात पुसत उभी राहिली. वडील म्हणाले, "तिला नगं बोलू. म्याच व्हय म्हणलो."

डॉक्टरांनी एवढंच विचारलं, आठवडाभर होतात कुठे? पाय घोट्याच्या वर कापावा लागला. अंड्यांमुळे गेला, चुकलेल्या पट्ट्यांमुळे गेला, की एरवीही गेलाच असता, हे मी शास्त्र शिकूनही सांगू शकत नाही.

दवाखान्यातून आणल्यावर वडील ओट्यावर बसायला लागले. आई त्यांच्याकडे बघायची टाळायची, आणि तिने कोंबडी बसवणं सोडून दिलं. ते मला सोसवेना. एके दुपारी मी वडिलांपाशी बसून सगळं सांगितलं. ते औषध नव्हतंच, मला ठाऊक होतं, आणि कौतुकाच्या हावेने मी ते सांगितलं नाही. चूक आईची नाही, माझी आहे. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मंग कवा व्हईल त्ये औषध?" वडिलांनी विचारलं.

"ठाऊक न्हाई. तुमच्या वेळेत न्हाई व्हायचं, आबा."

त्यांनी लेंग्याच्या पायाचं रिकामं टोक नीट दुमडून घेतलं.

"मंग आता घाई नगं करू," ते म्हणाले. "माझा पाय तर गेलाच. नीट कर."