जुन्या टायरला म्हाळवस लागत नाही

म्हाळवस लागला त्याच दिवशी आमची जीप चारकोपच्या चिखलात पुन्हा रुतली... म्हाळवस म्हणजे तुमचा पितृपक्ष. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा चारकोपला सेक्टरचे नंबर पडले होते, रस्ते पडायचे होते.

या वेळी जीपमध्ये माझी लेक सुमन होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. डॉक्टरला दाखवून येताना तिला मधेच उतरवावं लागलं, आणि ती चपला हातात घेऊन नडगीभर चिखलातून चालत घरी आली.

रिक्षावाले नाक्यावरूनच हात जोडायचे. दवाखान्यात न्यायला आमची जीप सोडून दुसरं काही नव्हतं. गिरणी सुटल्यावर ह्यांनी ती जुनी घेतली होती, सिमेंटच्या गोण्या वाहायला. इंजिन धडधाकट, टायर मात्र ह्यांच्या डोक्यासारखे गुळगुळीत.

मी म्हटलं, टायर बदला. हे म्हणाले, "दसऱ्याला नवे घालू की. आत्ता आई घालू देईल का?"

"पोर दसऱ्यापर्यंत थांबणार आहे? विचारून घेतलंत वाटतं तिला?"

आतून सासूबाईंचा आवाज आलाच. "म्हाळवसात नवा काय घेवचा नसता." झालं... ह्यांची मान खाली. आईपुढे हा माणूस पन्नाशीतसुद्धा दुसरीतला.

मी रात्रभर कूस बदलत विचार केला. नवं घ्यायचं नाही ना, मग जुनं घेऊ. जुन्याला कसला म्हाळवस? सकाळी ह्यांना आणि आमच्या अन्वर मिस्त्रीला घेऊन कुर्ल्याला जुन्या टायरवाल्याकडे गेले.

त्याने दोन प्रकार दाखवले. एक आमच्याच मापाचे, बारीक नक्षीचे, दिसायला छान. दुसरे चांगले मोठे, रुंद, बोट जाईल एवढ्या खाचा... ह्यांना अर्थातच पहिले आवडले. मिस्त्रीही म्हणाला, "भाभी, बडा डालोगे तो मोड पे घासेगा. गाडी भारी चलेगी, पेट्रोल भी जादा पियेगी."

मी शिकलेली चौथीपर्यंत, टायरमधलं मला काय कळणार. पण खोबरं रोज किसते. बारीक किसणीत ओलं खोबरं अडकून बसतं, मग ती नुसती घसरते. मोठ्या भोकांची किसणी आपटली की मोकळी. मी मिस्त्रीला विचारलं, "चिखलातून कुठला निघेल ते सांग. वळायचं आम्ही बघू."

तो हसला. "निकलेगा तो बडावालाच."

टायर घरी आले तशा सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. एकेकाभोवती फिरल्या, काठीने टोचून बघितलं. खाचेत कुठल्यातरी गावची वाळलेली लाल माती होती. ती नखाने काढून बघितली आणि म्हणाल्या, "जुनेच आसत. घाला मगे." पण टायरखाली लिंबू ठेवू दिलं नाही. ते दसऱ्यालाच.

मिस्त्रीने मडगार्ड ठोकून ठोकून आत घेतलं, तरी वळताना घासायचंच. वळायला अख्खा सेक्टर लागायचा. पण ज्या जागी जीप रुतायची तिथून ती म्हशीसारखी निवांत बाहेर यायची. मी मनात म्हटलं, बघा, माझी अक्कल.

आमच्याकडे म्हाळ होता त्याच दिवशी, पानं वाढून झाल्यावर, दुपारी सुमनला कळा सुरू झाल्या. ह्यांनी जीप दारात आणली... आणि माझी अक्कल तिथेच संपली. जीप आधीच उंच, मोठ्या टायरनी आणखी वर गेलेली. पोरीचा पाय पोचेना. एवढं पोट सावरत ती उभी, हात लावला की कळवळायची, उचलायची तरी कशी?

ह्यांनी बांधकामाच्या विटा आणून रचल्या. चिखलात त्या डगमगायला लागल्या. वर सपाट, रुंद काहीतरी हवं होतं.

तेवढ्यात सासूबाई घरातून पाट घेऊन आल्या. घरात पाट एकच, गावाहून आणलेला फणसाचा, आणि त्याच्यावर नुकतं पितरांचं पान होतं. त्या पाटाला आम्ही कधी चुकूनसुद्धा पाय लावला नव्हता. पान उचलून बाजूला ठेवलं होतं बाईने... विटांवर पाट टाकला आणि स्वतः काठी सोडून तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

सुमन अडखळली. "आजी, अगं पितरांचा..."

"पाय ठेव गो बाय. तुझेच आजे-पणजे ते, रागावचे नाय."

सुमन चढली. जीप त्या चिखलातून एकदाही न थांबता गेली, आणि मागे उभ्या सासूबाईंना डोक्यापासून पायापर्यंत रंगवून गेली. त्या तशाच उभ्या होत्या, हात जोडून.

संध्याकाळी नात झाली. दोघी सुखरूप.

टायर पुढे भंगारात गेले, जीपही गेली. पाटाचा एक पाय त्या दिवशी सैल झाला होता, ह्यांनी खिळा मारला. अजून म्हाळाला पान मी त्याच्यावरच वाढते, आता ते सासूबाईंचंही असतं.

आमचं दोघींचं कधी पटलं नाही. पण पान वाढताना तो खिळा दिसतो, आणि मी त्यांचं सगळं बोलणं माफ करून टाकते... सगळं नाही. बरंचसं.