एक कार्ड की दोन

लग्नसराई उतरली की आम्ही फोटोग्राफर लोक नांदेडच्या अल्बम लॅबमध्ये सापडतो. अल्बम छापून होईपर्यंत चहा, आणि चहाबरोबर गप्पा. गप्पा पावसावरून निघोत की सोयाबीनच्या भावावरून, शेवटी मेमरी कार्डावर येतातच. कॅमेऱ्यात एक कार्ड पुरतं, की दोन कार्डांचा स्लॉट असलेलाच कॅमेरा घ्यावा, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीकडं उतरेल आणि एक बिघडलं तरी दुसरं राहील?

नांदेडचे गफूरभाई दोनवाले. भोकरचा दिलीप एकवाला. मी लातूरचा, चहा पाजेल त्याच्या बाजूचा. वाद काही मिटला नाही, पण त्यातून किस्से इतके साठले की लॅबवाला आता अल्बम मुद्दाम हळू छापतो, असा मला संशय आहे.

*

गफूरभाई दोनवाले झाले ते धर्माबादच्या एका लग्नापासून. तेव्हा त्यांचा कॅमेरा एकाच कार्डाचा. लग्न दणक्यात झालं. घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर कोरं. रिकव्हरीवाल्यानंही हात टेकले. गफूरभाईंना जेवण जाईना. शेवटी सरळ धर्माबादची बस धरली.

नवरीचे वडील मिरचीचे व्यापारी, आवाज दांडगा. गफूरभाई खाली बघत म्हणाले, "शेठ, फोटो एक बी राहिला न्हाई."

शेठनी चष्मा काढून पुसायला घेतला. ओरडले असते तर बरं, असं गफूरभाईंना झालं. तेवढ्यात आतून नवरीची आजी आली. तिची बोली तेलुगू. काय झालं ते तिनं ऐकलं, टाळी वाजवली आणि म्हणाली, "मळ्ळी पेळ्ळी."

म्हणजे, परत लग्न.

जावई-लेक माहेरपणाला आलेलेच होते, मांडव अजून निघाला नव्हता. वऱ्हाडाला निरोप गेला, शालू, मुंडावळ्या, सगळं परत चढलं. पहिल्या वेळी मानपानावरून रुसून बसलेले नवरदेवाचे मामा या वेळी अक्षता टाकायला सगळ्यांच्या पुढं. गफूरभाई अजून तो अल्बम काढून दाखवतात. एक चेहरा आंबट सापडायचा नाही.

*

दिलीपनंही एकदा दोन स्लॉटचा कॅमेरा घेतला होता, सेकंडहँड. त्यात एक सेटिंग असते. तोच फोटो दोन्ही कार्डांवर उतरवायचा, की पहिलं भरल्यावर दुसरं सुरू करायचं. दिलीपनं ती बघितलीच नाही.

लग्न हदगावचं, वऱ्हाड हैदराबादचं. निघताना यानं ऐटीत एक कार्ड नवऱ्या मुलाच्या हातावर ठेवलं. "घेऊन जावा, माझ्याकडं दुसरी कॉपी हाय."

काही दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. "दिलीप, फोटो बघून राहिलो. नुसती पंगत हाय. लग्न कुठंय?"

त्यांना समजावतोय तोवर हैदराबादहून जावयाचा फोन. "दादा, लग्न दिसतंय, पण आम्ही जेवलो की नाही?"

कार्ड कुरिअरनं परत आलं, अल्बम पूर्ण झाला. कॅमेरा मात्र दिलीपनं विकून टाकला. म्हणतो, "एका कार्डात लग्न अन् जेवण एकाच घरी राहतंय."

*

गफूरभाईंच्या लेकीचा निकाह. फोटो दुसरा कुणी काढणार नाही, मीच, असं त्यांनी महिनाभर आधी जाहीर केलं. नवी शेरवानी, गळ्यात दोन स्लॉटचा भारी कॅमेरा. लेकीनं "कुबूल" म्हटलं तेव्हा डोळे पुसत पुसत क्लिक करून राहिले होते.

निकाह झाल्यावर त्यांची बायको रझियाभाभी म्हणाल्या, "दिखाओ तो सही."

गफूरभाईंनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. स्क्रीनवर 'नो कार्ड'. कार्डं आदल्या दिवशी साफसफाईला काढून जुन्या जाकिटाच्या खिशात ठेवली होती, आणि जाकीट घरी खुंटीला.

भाभींनी कॅमेऱ्याचं झाकण उघडून आत बघितलं. "दो दो जगह थी, दोनों खाली."

दिलीप पाहुणा म्हणून आला होता, पण सवयीनं त्याचा जुना कॅमेरा गळ्यात होताच. अख्खा निकाह त्यानं कोपऱ्यातून टिपला होता. त्यानं आपलं एकुलतं एक कार्ड काढलं आणि भाभींच्या हातावर ठेवलं. गफूरभाईंनी त्याला गच्च मिठी मारली, मग स्वतःच्या हातानं बिर्याणी वाढली. वाढता वाढता एवढंच म्हणाले, "ज्यादा बोलू नको."

*

लातुरात निकालाचे दिवस म्हणजे आमची दुसरी लग्नसराई. टॉपरचा फोटो होर्डिंगवर चढवायची क्लासवाल्यांना कोण घाई. एकदा सकाळी एका क्लासमध्ये निलंग्याच्या एका मुलीचा पेढा खाताना फोटो काढला. दुपारी दुसऱ्या क्लासनं बोलावलं. बघतो तर तीच मुलगी, फक्त ड्रेस वेगळा.

मी हळूच विचारलं, "बाई, तू नेमकी कुणाची?"

"दोन्हीकडची, सर. फिजिक्स इथं समजलं, केमिस्ट्री तिथं."

पुढं दोन्ही होर्डिंग एकाच रस्त्यावर समोरासमोर लागली. तिची आई गावाहून बघायला आली, बरोबर मधोमध उभी राहिली आणि मला म्हणाली, "दोन्ही लेकी येऊ द्या फोटोत."

*

औसा तालुक्यात भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या एका गावात लग्न होतं. नवरीची आई गायकवाड बाई, शाळेत मुख्याध्यापिका. बुद्धवंदनेची तयारी चालू असताना मी त्यांना ऐटीत सांगितलं, "बाई, निर्धास्त राहा. प्रत्येक फोटो दोन कार्डांवर उतरतो."

"दोन्ही एकाच कॅमेऱ्यात?"

"हाव."

"अन् कॅमेरा एकाच घरात?"

मी मान डोलावली. बाई वेणी नीट करत म्हणाल्या, "भूकंपात मी शिकायला नांदेडला होते, म्हणून राहिले. आईचा फोटो घरात होता."

लग्न सुरेख झालं. पाठवणीच्या वेळी बाईंनी माझ्यापुढं हात केला. मी एक कार्ड काढून दिलं. ते त्यांनी लेकीच्या मुठीत ठेवून मूठ मिटली. "हे तुझ्या घरी राहील. दुसरं माझ्या."

लेक रडायच्या बेतात होती. तिनं मुठीकडं बघितलं, आईकडं बघितलं. "मला एवढं लांब नागपूरला देऊन राहिलीस, ते यासाठी का?"

"हाव," बाई म्हणाल्या, आणि बँडवाल्याला वाजव म्हणून खूण केली.