पट्टी जिथं बांधली तिथं

नाव: ऑकेरब्लुम, गुन्नेल. लिंग: स्त्री. उंची: पुरेशी. नोकरी: वाहन तपासणी केंद्रात तपासनीस. जोडकाम: वाहनांच्या धडकेत जखमी झालेल्या रानटी जनावरांचा माग काढणे व त्यांचा अंत करणे, मानधन नाममात्र. शस्त्र: रायफल एक, परवाना चालू. कुत्रा: आहे. स्वभाव: शांत. हिंसक वर्तनाची नोंद: नाही.

पोलिसांच्या यादीतली ही नोंद लिहिणारा माणूस आपली गाडी तपासायला लाँगमिराला कधी आला नसावा.

आमच्या लाँगमिरा गावात गुन्नेलच्या हाताखालून न गेलेली गाडी नाही. तपासणीच्या खड्ड्यात उभं राहून ती डोक्यावरच्या गाडीला टॉर्च लावायची आणि गाडीच्या मालकाला तो कसा मरणार ते सांगायची. आवाज चढवायची नाही. ब्रेकची एखादी नळी गंजलेली दिसली तर म्हणायची, "ही फुटेल ती उतारावर फुटेल. तुला काही होणार नाही. खालच्या वळणावर जो कोणी असेल त्याचे पाय जातील." पाद्र्यांनाही तिनं हेच सांगितलं होतं. पाद्र्यांनी नळी बदलून घेतली. गावात त्यांच्या प्रवचनाचा इतका परिणाम कोणावर झाल्याचं ऐकिवात नाही.

लेनार्त तॉर्नक्विस्ट तिचा शेजारी. दोघांच्या घरांमध्ये एक बर्चचं झाड आणि बरीच जुनी भांडणं. नोव्हेंबरात तो गाडी घेऊन आला तेव्हा मीही रांगेत होतो. माझा टोचन ट्रकसुद्धा इतरांसारखाच तपासावा लागतो.

"लेनार्त, हे टायर आहेत की वापरून संपलेल्या साबणाच्या वड्या?"

"उन्हाळी आहेत. बर्फाचे नाही घातले तरी डिसेंबर लागेपर्यंत चालतं. कायदाच म्हणतो तसं."

"कायदा तुझ्या टायरवर हात फिरवून बघत नाही, मी बघते. आणि ब्रेक डावीकडं ओढतायत. म्हणजे पाय तू दाबशील, पण कुठं जायचं ते गाडी ठरवील."

"माझ्या बायकोसारखीच आहे म्हण की."

"तुझी बायको वेळेवर निघून गेली. ही गाडी जायची नाही."

रांगेतले हसले. लेनार्तही हसला, पण उशिरा. तिनं टायर आणि ब्रेक दोन्ही नापास केले, दुरुस्तीला नेहमीची मुदत दिली, आणि मग एल्कचं ऐकवलंच. ते ती सगळ्यांना ऐकवते. एल्क म्हणजे घोड्याहून उंच हरीण. त्याचे पाय इतके लांब की गाडी फक्त पाय तोडते, आणि वरचं सगळं धूड काच फोडून तुमच्या मांडीवर येतं, जिवंत. म्हणून उजाडताना आणि मावळताना हळू चालवा. जनावर आडवं आलंच तर ज्या दिशेनं ते चाललंय तिकडं गाडी वळवू नका, त्याच्या ढुंगणामागून काढा. ते पुढं पळतं, मागं कधीच नाही.

"पाठ आहे गं मला," लेनार्त म्हणाला.

"पाठ सगळ्यांनाच असतं. मी ज्यांना काचेतून बाहेर ओढलंय त्यांनाही होतं."

आमच्याकडं प्रत्येक गाडीत प्लॅस्टिकची एक पट्टी असते. जनावराला धडक बसली की उतरायचं, जिथून ते रानात शिरलं तिथल्या झाडाला पट्टी बांधायची, पोलिसांना फोन करायचा आणि घरी जायचं. मग गुन्नेल कुत्रा घेऊन येते. कुत्रा पट्टीपासून वास धरतो. जनावराचे हाल किती वेळ चालायचे हे त्या पट्टीवर ठरतं. म्हणून लाँगमिराचा माणूस करखात्याशी खोटं बोलेल, बायकोशी बोलेल, डॉक्टरला दारूचा हिशेब अर्धाच सांगेल. पट्टी मात्र जिथं बांधायची तिथंच बांधेल. निदान गुन्नेल तसं धरून चालायची.

त्यानंतर आठवडाभरातच लेनार्तनं उजाडता उजाडता गावाबाहेर जाताना एल्कच्या मादीला ठोकलं. बर्फ पडलं नव्हतं, पण रस्त्यावर न दिसणारा गोठलेला थर होता. फोनवर त्यानं सगळं रीतसर सांगितलं: हळू होतो, लगेच थांबलो, मादी रानात पळाली, पट्टी गाडीच्या नाकासमोरच बांधलीय. त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. कोणाच्या तरी गाडीत बसून तो घरी गेला आणि कॉफी पीत बसला.

गुन्नेल मुर्रेला घेऊन पट्टीपाशी पोचली. मुर्रे हा तिचा राखाडी कुत्रा, कान ताठ, गावातल्या निम्म्या लोकांपेक्षा कमी भुंकणारा. पट्टीजवळ ताजा माग होता, आणि तो त्यानं धरला. आमच्याकडं नोव्हेंबरात दुपार होते न होते तोच अंधार पडतो, आणि अंधारात जखमी एल्कवर कुत्रा सोडत नाहीत. म्हणजे काय करायचं ते उजेड आहे तोवर. नाहीतर ते जनावर मोडक्या हाडांनिशी रात्रभर तसंच पडणार. दलदलीतून, ओढ्यातून, पुन्हा दलदलीतून ती मुर्रेच्या मागं चालत राहिली. रक्ताचा ठिपका कुठंच नव्हता. आतून रक्त जात असेल, असं तिला वाटलं. एकदा तिनं मला फोन केला.

"ईवार, लेनार्त भेटला तर विचार, मादी लंगडत होती का?"

मी दुसऱ्या एका गाडीला खड्ड्यातून काढत होतो. दुपारी लेनार्तला ट्रकमध्ये घेऊन त्याची गाडी उचलायला निघालो तेव्हा विचारलं.

"पळाली रे. चांगली पळाली," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

त्याची गाडी साखळीनं वर चढवली. काच आत गेलेली, एअरबॅग लोंबकळत होती, आणि समोरचा एक दिवा जागेवर नव्हता. गावाकडं परतताना वळण मागं पडलं, आणि बरंच पुढं गेल्यावर चारीत काहीतरी चमकलं. मी ट्रक थांबवला. दिवा होता. त्याच्या फुटक्या कडेला तपकिरी केसांचा झुबका चिकटला होता.

"हा इथं कसा?" मी विचारलं.

"उडाला असेल."

"मागं?"

चारीपलीकडच्या लहान झाडांमधून श्वासाचा आवाज येत होता. भिजलेलं पोतं ओढत न्यावं तसा. मी गुन्नेलला फोन लावला.

ती पळत आली तेव्हा उजेड नावापुरता उरला होता. मुर्रे पट्ट्याला हिसके देत होता. मादी रस्त्यापासून हाकेहूनही कमी अंतरावर होती. पुढचे दोन्ही पाय गुडघ्याखाली मोडून फक्त कातडीवर लटकत होते. त्या खुंटांवर उभं राहायला ती सकाळपासून धडपडत असावी. जमीन गोलाकार उकरली गेली होती, शेवाळ रक्तानं काळं झालं होतं आणि एका झाडाची साल तिनं दातांनी सोलून काढली होती. दिवसभर मुर्रे ज्याच्या मागावर होता ते तिचं पिल्लू. धडधाकट. पट्टीपाशी रस्ता ओलांडून गेलेलं.

गुन्नेलनं रायफल खांद्यावरून काढायला हात कुत्र्याच्या पट्ट्यावरून उचलला, आणि मुर्रे सुटला. दिवसभराच्या फुकट धावपळीनंतर अखेर खरा वास सापडला होता त्याला. तो मानेवर झेपावला. मादीचे मागचे पाय शाबूत होते. ती कुशीवर वळली आणि एकच लाथ बसली. सुकी फळी मोडावी तसा आवाज झाला. कुत्रा झाडावर आदळून खाली पडला. त्याचा जबडा एका बाजूला गेला होता, छाती आत बसली होती, आणि तरी तो पुढच्या पायांनी सरपटत गुन्नेलकडं यायला बघत होता.

तिनं आधी मादीला गोळी घातली, कानामागं. मग खाली बसून मुर्रेच्या डोळ्यांवर हात ठेवला. मग त्याला घातली.

ती रस्त्यावर आली. आधी दिव्याकडं बघितलं. मग गाडी जिथं उभी होती तिकडं, वळणापलीकडं.

"इथून तिथपर्यंत घसरत गेलास."

"टायर बघून विमेवाले भरपाईला कात्री लावतात, गुन्नेल," लेनार्त म्हणाला. ट्रकच्या उघड्या दारात तो पाय बाहेर सोडून बसला होता. "घासलेत असं तूच लिहून ठेवलंयस ना? मग मी काय करायचं होतं? एवढं घसरलो म्हणून सांगायचं?"

"पट्टी, लेनार्त."

"मला वाटलं ती मेली असेल. नाहीतर गेली असेल." मग, बहुधा समजूत घालायला म्हणून, त्यानं विचारलं, "कुत्र्याचा विमा होता ना तुझ्या?"

"होता," गुन्नेल म्हणाली, आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला.

तिनं हात मागं घेऊन नेम धरला नाही. चाकाचा नट सोडवताना पान्याला द्यायचा तसा एकच झटका, खांद्यातून. नाक फुटलं. तो ट्रकमधून खाली आला तेव्हा दुसरा पोटात. तिसऱ्याच्या वेळी मी तिला मागून धरलं. तिनं मलाही कोपर हाणलं. दोन बरगड्या आठवडाभर दुखत होत्या.

दवाखान्यात परिचारिकेनं नाकाचं विचारलं तेव्हा लेनार्त म्हणाला, "स्टिअरिंग." दुसरं काय म्हणणार? कोणी मारलं ते सांगितलं तर का मारलं तेही सांगावं लागतं, आणि मग पट्टी कुठं बांधली होती तेही. गुन्नेलचंही तसंच. मारहाणीची तक्रार झाली असती तर रायफलचा परवाना गेला असता, आणि त्याच्या मागोमाग हे काम. पट्टीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. लाँगमिराच्या प्रत्येक मालकाला त्याचा मृत्यू तोंडावर सांगणारी बाई अहवालात फक्त 'मादी, एक, अंत केला' एवढं लिहून मोकळी झाली. मुर्रेला तिनं घरामागं पुरलं. त्याच्या विम्याचा दावा तिनं केलाच नाही, कारण त्यात मृत्यू कसा झाला हे विचारतात.

लेनार्तला गाडीची भरपाई पूर्ण मिळाली, नाकाचीही. वसंतात तो नवी गाडी तपासणीला घेऊन आला. गुन्नेल खड्ड्यात उतरली, टॉर्च फिरवली, टायरवरून हात फिरवला.

"कशी आहे?" त्यानं वरून विचारलं. नाक अजून वाकडं होतं.

"पास."

एल्कचं तिनं ऐकवलं नाही. तो जरा वेळ थांबला, मग निघून गेला.

यंदा पोलिसांनी ती यादी ताजी केली. ऑकेरब्लुम, गुन्नेल. शस्त्र: रायफल एक, परवान्याचे नूतनीकरण झाले. स्वभाव: शांत. हिंसक वर्तनाची नोंद: नाही. कुत्रा: आहे.

कुत्रा नाही.