सात कोटी काकांचं कुलूप

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे ‘सात कोटी काका’ म्हणत. नव्या भाडेकरूला वाटे, केवढा हा पैसेवाला माणूस! काकांकडे होती फक्त एक संख्या: ७,३९,३९,१३३. लिफ्टमध्ये कुणी “कैसे हैं?” विचारलं, की काका लगेच तिचीच खुशाली सांगू लागत.

काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले; काकू वारल्यापासून माझ्या शेजारी एकटेच राहत. संख्या कागदावर लिहून ते मला समजावत, “ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही. आता बघ.” मग शेवटच्या तीनवर अंगठा ठेवत. “उरली तीही मूळ. आणखी एक आकडा झाक, तीही मूळ. थेट सातापर्यंत! अशी वागणारी याहून मोठी संख्याच नाही. बिल्कुल नाही.” माझं आणि गणिताचं जन्मात पटलेलं नाही. ती अशी का वागते, असं विचारलं की काका खूश होऊन म्हणत, “तेच तर कळत नाही, यार!”

काका किल्ल्या हरवू लागले, तेव्हा फरीदाबादहून त्यांच्या मुलाने येऊन दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं. आकडे अर्थातच काकांच्या पसंतीचे. मुलाने बजावलं, “बाबा, स्वतःचं दार स्वतः उघडाल तोवर इथे राहा. नाहीतर माझ्याकडे चला.” काकांना हे घर सोडायचं नव्हतं.

एकदा मी ऑफिसातून आले, तर काका दुधाची पिशवी घेऊन दाराबाहेर उभे, आणि कुलूप पीं पीं करतंय.

“काका, शेवटचा तीन राहिला.”

“अच्छा? पण ही पण मूळच आहे की!” हे त्यांनी कुलपाला सांगितलं.

ते विसरले होते की हुज्जत घालत होते, मला कळेना. पुढे आकडे आणखी कमी होत गेले. एकदा मुलासमोर त्यांनी पाचच आकडे दाबले आणि थांबले.

“बाबा, पुढे?”

काकांनी कुलपावरून हात फिरवला. “यातही काही चूक नाही,” ते हळूच म्हणाले. ते खरं तेच बोलत होते, पण दार बंदच होतं. मुलाने डोळे पुसले, दार उघडलं आणि त्यांची बॅग भरायला घेतली. मला फार वाईट वाटलं.

परवा फरीदाबादला फोन केला. मी कोण, हे त्यांना समजलं की नाही, देव जाणे. मग ते म्हणाले, “सात.” मी पुढच्या आकड्याची वाट पाहिली. तो आला नाही.

“भाग जातो का कशाने?” त्यांनी विचारलं.

“नाही, काका.”

“बघ!” म्हणून ते हसले, अगदी पूर्वीसारखे.

त्यांच्या बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायला मी जाते. आठही आकडे मला पाठ आहेत. तरी दाराशी उभी राहून मी आधी नुसता सात दाबते. कुलूप चूक म्हणून ओरडतं. मला ते अजून पटत नाही.