तापीची ओटी

नव्वदीच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्यात आम्ही अमळनेरहून जीपने थेट दीवपर्यंत गेलो. चालवायला हे, मागच्या सीटवर मी आणि सासूबाई. त्यांना सगळं घर अक्का म्हणायचं. अक्कांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मी निघाले ती तोंड फुगवूनच. त्याच वर्षी आई गेली होती, माहेरी ओटी भरणारं कुणी उरलं नव्हतं, आणि त्याचा राग मी येता-जाता भांड्यांवर काढत होते.

अक्कांच्या मांडीवर एक गाठोडं होतं. खण, नारळ, तांदूळ. धुळं, नवापूर करत सुरतेच्या पुलावर तापी आडवी आली. ओटी इथेच सोडायची का, असं विचारत यांनी जीप थांबवली. अक्का म्हणाल्या, "आठे नही." मग नळसरोवर लागलं. पलीकडचा काठ दिसेना, पाण्यावर पाखरंच पाखरं. अक्का गाठोडं सोडायला लागल्या.

"हाऊ समुद्र शे का?"

"तळं आहे ते," मी फटकन म्हटलं. त्यांनी पुन्हा गाठ मारली. वेळावदरच्या अभयारण्यात काळवीट उड्या मारत जीपपुढून गेले, तेव्हाही त्यांचा एक हात गाठोड्यावरच. मी मात्र सगळं विसरून बघत राहिले. पुढे भावनगरपासून तर डाव्या हाताला मधूनच समुद्र चमकायचा आणि नारळीच्या बागांमागे दडायचा. अक्का दर वेळी मान लांब करायच्या.

दीवच्या वाळूवर त्या चपला काढून पाण्यात शिरल्या. हे हसले. "अक्का, समुद्र तर गडीमाणूस शे. त्याले खण कसाले?"

"त्याले नही. आपली तापी आठेच नांदस ना? तिले माहेरनी ओटी नको का?"

तापी तिथून कितीतरी लांब, सुरतेजवळ समुद्राला मिळते. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. सासर एवढं मोठं असल्यावर कुठल्याही दारातून आत गेलं तरी चालत असेल.

अक्कांनी खणात गुंडाळलेला नारळ पाण्यात सोडला, वर तांदूळ टाकले. लाटेने तो आत नेला आणि पुढच्या लाटेने माझ्या पायाशी आणून टाकला. अक्कांची एवढ्या वाटेची ओटी परत आली होती.

आमच्याकडे ओटी घेणारी त्यातले चार दाणे भरणारीच्या हातावर परत ठेवते. अक्कांना तेच आठवलं असावं. त्यांनी ओला खण, नारळ उचलला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तिले पोचनं. आते तिनी तुले धाडं. पदर कर."

मी पदर पसरला. अख्ख्या वाटेत मी त्या बाईशी धड बोलले नव्हते. खारं पाणी पदरातून पायावर गळत होतं आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडत होते. परत येताना मागच्या सीटवर गाठोडं माझ्या मांडीवर होतं.