मदिनत अश शमालला, रिपनची बॅग भरायला

शुक्रवारच्या सुट्टीत कतारच्या उत्तर टोकाला, शमालला जायचं म्हटल्यावर बायको म्हणाली, "तिकडे आहे काय बघायला?" बघायला नव्हतंच जायचं. माझ्या साइटवरचा नेपाळी फोरमन दिलबहादुर तिथल्या लेबर कॅम्पमध्ये राहतो. त्याचा रूममेट रिपन झोपेतच गेला. त्याची शवपेटी दुसऱ्या दिवशी ढाक्याला निघणार होती. रिपन बांगलादेशातला, गारो जमातीचा, आणि त्याच्या आईचं एकच मागणं होतं: लेकाची बॅग आपल्या माणसानं, आपल्या भाषेत रडून भरावी.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधली नर्स ग्रेसी मेघालयातली गारो. मी म्हटलं, झालं की काम!

आम्ही राहतो त्या अल वक्राहून शमाल दीड तास. रस्ता झकास, टोल नाही. पण दोहा ओलांडताना वर्ल्ड कपची खोदकामं आणि डायव्हर्जन, तेव्हा वेळ जास्तच धरा. शुक्रवारी दुपारची नमाज होईपर्यंत दुकानं बंद असतात, करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, आधीच घ्या. ग्रेसीनं घेतला नाही. ती हिंदीत एकच विचारत होती, "दादा, त्याचं कुळ कोणतं?"

"आता कुळ कशाला? दोघंही गारोच ना?"

"आमच्यात कुळ आईकडून येतं. त्याचं-माझं एक असेल तरच मी त्याची बहीण. नसेल तर कोण म्हणून रडू?"

मी निपाणीचा, कर्नाटकातला मराठी. ऑफिसात समजावत कोण बसणार, म्हणून 'कोल्हापूर' सांगून मोकळा होतो. आणि गारो तेवढे सगळे एकच, असं धरून मीच निघालो होतो! लाज वाटली.

पुरुषांच्या कॅम्पमध्ये बायकांना सोडत नाहीत. दिलबहादुरनं गेटबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कपडे आणले. तीन शर्ट, एक जॅकेट, आईसाठी घेतलेली नवी शाल. कुळ त्यालाही माहीत नव्हतं. "सर, आमचंही घर बॉर्डरवरच. नदी ओलांडली की इंडिया," एवढंच तो म्हणाला आणि त्यानं रिपनच्या आईला फोन लावला.

स्पीकरवर दोघी गारोत बोलू लागल्या. मला अक्षरही कळत नव्हतं. मध्येच ग्रेसीचा चेहरा पडला. तिनं मान हलवली, आमच्याकडे बघून हिंदीत म्हणाली, "कुळ वेगळं आहे." अरे देवा! एवढं येऊन सगळं फुकट, असं मला वाटलं. मग म्हातारी हळू आवाजात काहीतरी बोलली, आणि ग्रेसी त्या शर्टांवर कोसळून मोठमोठ्यानं रडायला लागली. रडत रडतच तिनं एकेक घडी केली. दिलबहादुर पाठ फिरवून उभा राहिला.

परतीच्या वाटेवर मी विचारायचं टाळलं. दोहा जवळ आल्यावर तीच बोलली. ग्रेसीचं गाव म्हातारीच्या अंगणातून दिसतं, समोरच्या डोंगरावर. मध्ये तारेचं कुंपण. आणि त्यांच्यात लग्न वेगळ्या कुळातच होतं, मग मुलगा मुलीच्या घरी जातो, असंही तिनं सांगितलं.

घरी आलो. बायकोनं ताट वाढलं, फोनचं ऐकून विचारलं, "काय म्हणाली त्याची आई?" ग्रेसी दारातच उभी होती. तिनंच उत्तर दिलं.

"म्हणाली, बहीण नाहीस ना? मग कुंपण नसतं, तर माझा रिपन तुझ्याच घरी नांदायला आला असता. रड, पोरी."