परक्या माशीच्या मागावर

लोकांच्या परसात फळमाशीचे सापळे टांगायची आमची नोकरी. माशीसाठी सापळा लावावा लागतो. किस्से मात्र न लावताच सापडतात! परदेशी जातीची माशी निघाली, की आसपासच्या झाडांवरचं सगळं फळ काढून पुरायचं. त्यामुळे आम्हाला पाहून कुणालाच आनंद होत नाही.

डिचोलीच्या एका काकींनी सापळा माश्यांनी भरलेला पाहिला आणि माझ्यावरच डाफरल्या, "बाटली लावपा आदीं हांगा एक माशी नासली! तुमीच आपयल्यात, आतां तुमीच घरा व्हरा!" म्हणजे माश्या आम्हीच बोलावल्या, तर आता आम्हीच घरी न्यायच्या!

आमचा ड्रायव्हर रमाकांत कारापूरचा. सापळ्यात घालायच्या वासाची कुपी एकदा त्याच्या शर्टावर सांडली. घरी बायकोचा सवाल, "अत्तर कोणाखातीर?" घाबरून त्याने मला फोन लावला आणि तिच्या हातात दिला.

"वहिनी, ह्या वासाला फक्त नर येतात हो!"

"म्हणूनच काय! वाड्यावरचे सगळे दादले आज आमच्याच सोप्यार पत्ते खेळपाक बसल्यात!"

एका सोसायटीत आमच्या साहेबांनी परदेशी माशीवर तासभर लेक्चर दिलं. शेवटी सेक्रेटरी उठले. "माशी बाहेरची ना? मग गेटवर एन्ट्री कशी नाही?" वॉचमन बिचारा रजिस्टर चाळायला लागला!

आणि मग पेडण्यात ती परदेशी माशी खरंच सापडली. सापळ्याशेजारी रिटायर्ड मास्तरांचं मानकुरादचं कलम. नऊ वर्षं पाणी घातल्यावर यंदा पहिल्यांदा धरलेलं. पहिला आंबा ते देवळात ठेवणार होते. एकही ठेवता येणार नाही, हे साहेबांनी सांगितलं तेव्हा मला मास्तरांकडे बघवेना.

मास्तर नुसते म्हणाले, "काडा. पण आदी गाराणा घालतंय."

नारळ हातात घेऊन ते झाडाखाली उभे राहिले. साहेब, रमाकांत आणि मी, तिघेही आंब्यांसाठी आणलेली पोती खाली टाकून, हात जोडून मागे. देवाला कुणी गाऱ्हाणं घातलं, की प्रत्येक मागण्याला मागून होकार द्यायचा, हे आमच्याकडे लहानपणापासून हाडात बसलेलं.

"बा देवा म्हाराजा, गावातली फळा राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ती माशी इली तशी परत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सायबाच्या दारातय असाच कलम धरां दी! आनी तेका माशी लागली, तर आंबे काडूक माकाच धाड रे म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज साहेबांचा होता, "व्हय म्हाराजा!"